अफूला मेंदूत जागा कुणी ठेवली?

नमस्कार श्रोतेहो.

मुंबईच्या कापड गिरण्या जोरात चालत होत्या, त्या काळची गोष्ट. पाळीवर जाणाऱ्या कित्येक बाया तान्ह्या लेकराला अफूची बाळागोळी देऊन निजवून जात. पोर रडत नसे, भुकेलाही उठत नसे. अफूने दुखणं थांबतं, झोप येते, हगवण आवरते आणि एकदा सवय जडली की ती सुटता सुटत नाही, हे जुन्या माणसांना पक्कं ठाऊक होतं. पण खसखशीच्या बोंडातला हा चीक मेंदूत जाऊन नेमका कुठे बसतो, हे दाखवायला १९७३ साल उजाडावं लागलं.

ते काम झालं अमेरिकेत, बाल्टिमोर शहरातल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात. प्रयोगशाळा होती सॉलोमन स्नायडर यांची. स्नायडर मूळचे मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे रुग्ण तपासणारे डॉक्टर. संशोधन शिकले ते ज्युलियस अॅक्सलरॉड यांच्या हाताखाली. या अॅक्सलरॉडना १९७० साली नोबेल मिळालं. प्रत्यक्ष प्रयोग करणारी होती स्नायडर यांची विद्यार्थिनी, कँडेस पर्ट.

पैसा कुठून आला, तेही ऐकण्यासारखं आहे. व्हिएतनाममध्ये लढणारे अमेरिकन सैनिक अफूपासूनच बनणाऱ्या हेरॉइनच्या नादी लागले होते. १९७१ च्या जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी अमली पदार्थांविरुद्ध युद्धच पुकारलं आणि संशोधनासाठी सरकारी तिजोरी उघडली. एरवी ज्या प्रश्नाकडे कुणी ढुंकून पाहिलं नसतं, त्याला राजकारणामुळे पैसे मिळाले.

आता प्रयोग. कल्पना अशी, की पेशीच्या पृष्ठभागावर ठरावीक घडणीची जागा असते. तिथे ठरावीकच रेणू बसतो, कुलपात किल्ली बसावी तसा. या जागेला म्हणतात रिसेप्टर. उंदराचा मेंदू वाटून त्याचा लगदा करायचा. त्यात किरणोत्सारी केलेलं औषध घालायचं. थोडा वेळ थांबून ते मिश्रण काचतंतूंच्या गाळणीवर ओतायचं, खालून पंपाने ओढून घ्यायचं आणि बर्फासारख्या गार द्रावणाने झटपट धुवायचं. गाळणीवर जे उरेल त्याचा किरणोत्सार यंत्राने मोजायचा.

ऐकायला सोपं, पण खरी मेख धुण्यात होती. औषध कुठेही चिकटतं, काचेला, मेंदूतल्या चरबीला, गाळणीला. कमी धुतलं तर हे सगळं फुकटचं मोजलं जातं, आणि रेंगाळत धुतलं तर जागेवर बसलेलंही निघून जातं. झटपट धुण्याची ही युक्ती हॉपकिन्समध्येच इन्शुलिनच्या रिसेप्टरवर काम करणाऱ्या पेद्रो क्वात्रेकासास यांच्याकडून मिळाली. तरीही अफूतल्या मॉर्फिनच्या जातीचं औषध वापरून केलेले सुरुवातीचे प्रयोग फसले.

मग पर्टने औषध बदललं. नशा आणणारं सोडून, नशा उतरवणारं घेतलं. त्याचं नाव नॅलोक्सोन. हे त्याच जागेवर जाऊन बसतं, काहीही करत नाही, आणि मॉर्फिनला मात्र बसू देत नाही. शिवाय ते घट्ट बसतं. १९७२ च्या शरद ऋतूत यंत्रावर आकडे उमटले. पर्टने पुढे लिहिलं, की स्नायडर यांनी हे काम थांबवायला सांगितलं होतं आणि आपण ते गुपचूप चालू ठेवलं. हे तिच्या बाजूचं सांगणं, पण मला त्यात अशक्य असं काही वाटत नाही. मार्च १९७३ मध्ये निबंध छापून आला. न्यूयॉर्कचे एरिक सायमन आणि स्वीडनचे लार्स टेरेनियस यांनीही स्वतंत्रपणे त्याच वर्षी तेच दाखवलं.

हे रिसेप्टर कुठे सापडले? वेदना वाहून नेणाऱ्या मार्गांवर, भावनांशी निगडित भागांत आणि श्वासावर ताबा ठेवणाऱ्या केंद्रात. जास्त हेरॉइन घेतलेला माणूस श्वास थांबून मरतो तो यामुळेच. आणि आतड्यातही सापडले! हगवणीवर अफू का लागू पडे, त्याचं उत्तर तिथे मिळालं.

पण मोठा प्रश्न पुढेच होता. खसखशीसाठी मेंदूने जागा राखून ठेवलीच कशाला? उत्तर १९७५ मध्ये स्कॉटलंडच्या अॅबरडीनहून आलं. जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी डुकरांच्या मेंदूतून पाच-पाच अमिनो आम्लांच्या, म्हणजे प्रथिनांच्या घटकांच्या, दोन चिमुकल्या साखळ्या वेगळ्या केल्या. ती एन्केफॅलिन्स. शरीर स्वतःच वेदनेवरचं औषध बनवतं, अफू त्या जागेवर घुसखोरी करते.

इथे थोडं थांबायला हवं. रिसेप्टर सापडला म्हणजे व्यसनाचं कोडं सुटलं, असा अनेकांचा समज झाला. पण ली रॉबिन्स या समाजशास्त्रज्ञ बाईंनी व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचा पाठपुरावा केला. तिथे हेरॉइनच्या आहारी गेलेल्यांपैकी बहुतेक जण घरी आल्यावर पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत. मेंदू तोच, रिसेप्टर तेच, बदललं होतं ते भोवताल. माझं स्पष्ट मत आहे, की 'त्याची इच्छाशक्तीच कमी' हे जितकं अर्धवट, तितकंच 'सगळं रसायनाचं' हेही अर्धवट.

हीच गाळणीची पद्धत स्नायडर यांच्या प्रयोगशाळेने स्किझोफ्रेनियाच्या, म्हणजे भास-भ्रम होणाऱ्या मनोविकाराच्या, औषधांकडे वळवली. १९७६ च्या सुमारास त्यांनी, आणि कॅनडात फिलिप सीमन यांनी, दाखवलं की जे औषध डोपामिनच्या, म्हणजे मेंदूत निरोप पोचवणाऱ्या एका रसायनाच्या, रिसेप्टरला जितकं घट्ट धरतं, तितकी त्याची मात्रा कमी लागते. हॅलोपेरिडॉल काही मिलिग्रॅम पुरतं, क्लोरप्रोमाझिन शेकडो मिलिग्रॅम द्यावं लागतं, त्याचं कारण हे. हात थरथरणं, अंग ताठरणं हे त्रासही त्यातूनच येतात, कारण हालचालींसाठी लागणारं डोपामिनही अडवलं जातं. मात्र औषध कसं काम करतं हे कळलं, म्हणून आजार का होतो हे कळलं असं नव्हे.

यात आपल्या मुंबईचाही एक धागा आहे. सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो, हे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश नियतकालिकात मांडलं. त्याच मुळीतलं रेसर्पिन न्यूयॉर्कच्या नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांना दिलं. पुढे कळलं, की रेसर्पिन पेशींमधला डोपामिनचा साठाच रिकामा करतं. या दोघांना इतर काही संशोधकांसह १९५७ चा लास्कर, हा अमेरिकेतला वैद्यकीय संशोधनाचा मानाचा पुरस्कार मिळाला.

तोच लास्कर १९७८ मध्ये स्नायडर, ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांना मिळाला. पर्टचं नाव नव्हतं. तिने जाहीर निषेध नोंदवला आणि मोठा गहजब झाला. प्रयोगशाळा ज्याची, श्रेय त्याचं, ही रीत तेव्हा सर्वमान्य होती. मला विचाराल तर निबंधावर पहिलं नाव जिचं होतं, तिला वगळायला नको होतं.

आज या संशोधनाचा उपयोग काय? हेरॉइनच्या अतिसेवनाने श्वास बंद पडत चाललेल्या माणसाला नॅलोक्सोन टोचलं की काही मिनिटांत तो श्वास घेऊ लागतो. त्याचंच भावंड असलेलं नाल्ट्रेक्सोन दारू सोडू पाहणाऱ्यांनाही देतात. आणि ब्युप्रेनॉर्फिन त्याच रिसेप्टरला घट्ट धरतं पण अर्धंच चेतवतं, त्यामुळे तलफ आणि अंगदुखी आवरते. ही गोळी आपल्याकडच्या उपचार केंद्रांतही मिळते. 'एक नशा सोडवायला दुसरी नशा' असं म्हणून घरचे लोक ती मध्येच बंद करायला लावतात. कृपा करून तसं करू नका, डॉक्टरांना विचारा.

हाताशी पेन असेल तर दोन नंबर लिहून घ्या. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची मदतवाहिनी १४४४६, आणि मानसिक त्रासासाठी टेली-मानस १४४१६.

नमस्कार.