रिकामी म्हणून हातात दिलेली बंदूक

आज मी बंदूक आणलेली नाही. 'बंदूक सुरक्षा प्रशिक्षक' असं पत्रिकेत वाचून पुढे येऊन बसलेली मुलं जराशी नाराज दिसतायत. पण भरल्या वाचनालयात, नुसती दाखवायला म्हणूनसुद्धा ती आणायची नाही. इथे टेबलावर आहेत ते पाण्याच्या पाइपाचे दोन तुकडे, एक लाकडी गज, आणि माझी छत्री. छत्रीबद्दल पुढे सांगते.

मी देवगडकडची. आमच्या घरी पडवीत खुंटीवर ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-छर्रे ठासून भरायची बंदूक असायची. परवाना वडिलांच्या नावावर, शेतीसंरक्षणाचा. इथल्या बऱ्याच जणांच्या घरी तीच कथा असेल. भात पोटरीला आलं की डुकरं, काजू धरला की माकडं, आणि त्यांना हुसकावायला रात्री मांगरात राखण. १९५९ च्या शस्त्र कायद्यानंही ही गरज मानलेली आहे. परवाना कोणाला द्यावा हे सांगणाऱ्या १३ व्या कलमात खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. म्हणजे आपल्याकडे बंदूक कोयता-फावड्यांच्या रांगेत बसलेली. आज्यानं वापरली, बापानं वापरली, आता मुलगा वापरतो. तिची भीती कुणाला वाटत नाही, आणि माझं काम नेमकं तिथेच अडतं.

शहरातून पहिल्यांदा परवाना काढणारा माणूस वर्गात येतो तेव्हा तो बिचकलेला असतो. सांगितलं ते ऐकतो. आपल्याकडचे काका येतात ते म्हणतात, "गो बाय, तुझ्या जन्माच्या आदी धरून मी बंदूक चालवतंय." आणि ते खरंच असतं. सत्तरीच्या माणसाला तुम्ही चुकता असं तोंडावर सांगून तो शिकत नाही. तो उठून जातो.

असेच एक काका नेमबाजीच्या रेंजवर आपली ठासणीची घेऊन आले होते. मी तपासायला मागितली. ते म्हणाले, "भरलेली नाय गो, रिकामीच हा." मी गज नळीत सोडला. नंतर तोच गज नळीच्या बाहेरून लावून पाहिला. आत तो चार बोटं कमी गेला होता, म्हणजे तळाशी काहीतरी होतं. काका माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांना आठवलं, मागच्या भातकापणीच्या वेळी एका रात्री डुकरांसाठी भरली होती, डुकरं आली नाहीत, आणि पहाटे बार पेटवणारी टोपी काढून ती तशीच खुंटीला लागली. टोपी काढली की बंदूक रिकामी, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. टोपी ही नुसती काडी. खाली दारू आणि छर्रे बसलेलेच असतात. सगळ्यांना मागे घेऊन, नळी मातीच्या बांधाकडे धरून आम्ही ती मोकळी केली. सहा-सात महिन्यांची दारू, पण पहिल्या चापाला बार उडाला. चुलीजवळची खुंटी, दारू कोरडी राहिलेली. काळ्या दारूला जुनेपणानं काही होत नाही, ओल लागली तरच ती बिघडते. त्या खुंटीखाली त्यांची नातवंडं अभ्यासाला बसायची.

काका उठून गेले नाहीत. पुढचे तीन तास सगळ्यात जास्त प्रश्न त्यांनी विचारले.

आता मी या कामात कशी आले ते सांगते, कारण तुमच्यापैकी काही जणींना यात यायचं आहे असं मला आधीच कळलंय. कॉलेजात एनसीसी होती. तिथे पॉइंट टू टू रायफल पहिल्यांदा हातात आली, आणि 'खाली कर', 'जाँच शस्त्र' हे हुकूम अंगात मुरले. मग एअर रायफल. मग शाळेत शारीरिक शिक्षणाची नोकरी, आणि मुलांना नेमबाजी शिकवायची म्हणून प्रशिक्षकांचे अभ्यासक्रम. नेमबाजीचा हा सगळा व्याप ज्या राष्ट्रीय रायफल संघटनेच्या छत्राखाली चालतो, ती १९५१ साली उभी केली ग. वा. मावळंकरांनी, आपल्या लोकसभेच्या पहिल्या सभापतींनी. त्यांचं घराणं मूळचं संगमेश्वराजवळच्या मावळंग्याचं, आणि त्यांचं लहानपणचं शिक्षण काही काळ राजापुरात झालं. त्यांच्या नावाची स्पर्धा देशभरातले नेमबाज खेळतात. हे मी मुद्दाम सांगते, कारण बंदूक म्हटलं की आपल्याला एकतर शिकार आठवते नाहीतर गुंड. शिस्तीनं बंदूक हाताळणाऱ्यांची परंपराही आपल्याच मातीशी जोडलेली आहे. पलीकडे घाटावर कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये ऑलिंपिकचं ब्राँझ आणलं, ते तर सगळ्यांना माहीतच आहे.

आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाची प्रशिक्षकांसाठी परवान्यांची पायरी आहे, डी पासून ए पर्यंत. आणि सामान्य परवानाधारकासाठी २०१६ च्या शस्त्र नियमांनी सुरक्षा प्रशिक्षण आणलं. हाताळणी, नेम, निगा, साठवण आणि वाहतूक हे सगळं त्यात येतं, आणि ते पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र एस-१ नमुन्यात मिळतं. म्हणजे त्या कागदावर सही करणारा माणूस लागतो. ती सही करायची जबाबदारी काय असते, हे मला प्रशिक्षकांच्या एका परीक्षेत कळलं.

त्या परीक्षेत नेम कोणी विचारलाच नाही. आम्हाला एकमेकांना धडा शिकवायचा होता. बाकीचे उमेदवार अडाणी शिकाऊ असल्यासारखे वागणार, आणि परीक्षक कडेला उभे. माझ्या हातात एअर रायफल, बोल्ट उघडा, नळीत केशरी सेफ्टी फ्लॅग, म्हणजे ती रिकामी असल्याची खूण. मी छान बोलत होते. डावीकडच्या एका शिकाऊनं काही विचारलं आणि मी उत्तर द्यायला वळले. शिक्षक वळतो तशी, सगळ्या अंगानं. "थांबा," परीक्षक म्हणाले. मी म्हटलं, "सर, फ्लॅग लावलेला आहे." ते म्हणाले, "नळी कुणाकुणावरून गेली ते सांगा." मला सांगता येईना. चार माणसं बसलेली होती समोर. मी नापास झाले, आणि ते योग्यच होतं.

घरी आल्यावर मी छत्री हातात घेतली. आपल्याकडे छत्रीला तोटा नाही. छत्री मिटलेली, टोक म्हणजे नळी. बाजारात, एसटी स्टँडवर, शाळेच्या जिन्यात, टोक या क्षणी कुणाकडे आहे हे स्वतःला विचारत राहायचं. पहिल्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावावर नळी रोखली होती. पुढच्या तुकडीपर्यंत हात सुधारला. आजही माझ्या वर्गात पहिला तास छत्रीचा असतो. चिखलात, गर्दीत, पोराला कडेवर घेऊन. तिथे जमलं की मग लाकडी बंदूक, मग रिकामी खरी. शिकवायच्या खोलीत जिवंत काडतूस येतच नाही. सरावाला डमी काडतुसं असतात, तीसुद्धा मी मोजून देते आणि मोजून घेते.

रेंजवरचा एक नियम मात्र आपल्याकडे रुजवायला मला फार वेळ लागला. धोका दिसला की कुणीही 'थांबा' म्हणायचं आणि ते ऐकताच सगळ्यांनी थांबायचं. 'कुणीही' म्हणजे कुणीही. आता सतरा वर्षांची मुलगी सासऱ्याच्या वयाच्या माणसाला थांबा म्हणणार कशी? तोंडातून शब्दच फुटत नाही. म्हणून मी सुरुवातीलाच वर्गातल्या सगळ्यात लहान मुलाला उभं करते आणि सगळ्यात थोरल्या माणसावर ओरडायला लावते. दोघंही हसतात. दहा वेळा झालं की हसणं थांबतं आणि आवाज सुटतो.

शहरातल्या पुस्तकी धड्यांत आपला मुलूख नसतो, तो प्रशिक्षकानं स्वतः भरायचा असतो. बोट चापाबाहेर ठेवा असं सगळीकडे शिकवतात. का, ते मी शेवाळलेल्या पाखाडीच्या दगडी पायऱ्यांवर सांगते. पाय घसरला की डावा हात झाडाला धरतो, आणि एक मूठ आवळली की दुसरीही नकळत आवळते. त्या वेळी उजवं बोट चापावर असेल तर बार निघू शकतो, मग तुम्ही कितीही अनुभवी असा. दगडी गडगा ओलांडताना तसंच. काडतुसाची असेल तर सांध्यात उघडून काडतूस बाहेर, ठासणीची असेल तर टोपी बाहेर, बंदूक पलीकडे जमिनीवर आडवी, नळी आपल्यापासून दूर, मग आपण. ठासणीची तेवढ्यानं रिकामी होत नाही, हे काकांच्या बंदुकीनं आपण पाहिलंच. म्हणून तर नळीची दिशा.

आणि मागे काय आहे ते बघणं. सडा आपला कातळाचा. छर्रा जांभ्यावर आपटला की कुठे उडेल सांगता येत नाही. पाण्यावरूनही तो उसळतो, खाडीकाठच्या लोकांनी हे ध्यानात ठेवा. पॉइंट टू टू ची एवढीशी गोळी दीड किलोमीटरच्या पलीकडे जाऊ शकते. म्हणून मागे मातीचा बांध पाहिजे, भिंत नको.

यापुढचं जरा जड आहे. रात्री राखणीला किंवा चोरून शिकारीला गेलेल्या माणसाला सोबत्याचीच गोळी लागल्याच्या बातम्या आपल्या जिल्ह्यांत येतात. डुक्कर समजून बार काढला, असं पुढे लिहिलेलं असतं. बॅटरीच्या उजेडात गुराचे, कुत्र्याचे, बिबट्याचे डोळे चकाकतात, कारण त्यांच्या डोळ्यात मागे परावर्तन करणारा पडदा असतो. माणसाच्या डोळ्यात तो नसतो. आणि डुकराच्याही डोळ्यात नसतो. झुडपात काहीतरी हलतंय, चकाकत नाहीये, म्हणजे डुक्कर, असा हिशेब अनुभवी माणूस करतो. आणि तिथे बिडी विझवून बसलेला शेजारचा राखणदार असतो. न्यूझीलंडमध्ये परवाना घेणाऱ्याला सात नियम शिकवतात, त्यातला एक आहे, लक्ष्याची ओळख शंभर टक्के पटवून घ्या. आपल्याकडे मी आणखी एक जोडते: राखणीला निघताना आजूबाजूच्या बागांत आज कोण आहे ते फोन करून विचारा.

कायद्याचंही यातच सांगून टाकते. शेतीसंरक्षणाचा परवाना हा शिकारीचा परवाना नव्हे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा सगळ्यांना लागू आहे, नुकसान करणारा प्राणी मारायचा तर वनाधिकाऱ्याची परवानगी लागते. लग्नात, मिरवणुकीत बार काढायची हौस असेल तर २०१९ च्या दुरुस्तीनं त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही ठेवलेत. आणि निवडणुकीच्या वेळी बंदूक ठाण्यात जमा करायची असते तेव्हा पुतण्याच्या हाती नुसती पाठवू नका. परवाना नसलेल्या माणसानं दुरुस्तीला किंवा नूतनीकरणाला बंदूक न्यायची म्हटलं तरी परवानाधारक सोबत हवा, नाहीतर त्याचं लेखी पत्र हवं. जमा करण्याआधी गज घाला, परत आली की पुन्हा घाला.

पावसाळ्याबद्दल थोडं. दमट दारूचा बार कधी फुसका जातो, कधी उशिरा उडतो. टोपी वाजली आणि बार झाला नाही, तर नळीत डोकावायचं नाही, खाली ठेवायची नाही. नळी सुरक्षित दिशेला धरून निदान एक मिनिट तसंच उभं राहायचं. पहिला भरलेला आहे हे विसरून वर दुसरा ठासला तर नळी फुटते, हात जातो. बारा बोअरच्या बंदुकीत चुकून वीस बोअरचं, म्हणजे बारीक, काडतूस घातलं तर ते पुढे सरकून नळीत अडकतं, त्यामागे बाराचं घातलं की तोच प्रकार. पिशवीत दोन्ही एकत्र ठेवू नका. खोबरेल तेल लावू नका, ते थंडीत थिजतं आणि चिकटा धरतं, बंदुकीचंच तेल आणा.

बंदूक आणि दारूगोळा वेगवेगळ्या कुलपात असावा हे तुम्ही ऐकलं असेल. मला त्यात घरातल्या बायकांशी बोलायचंय. पडवी तुम्ही झाडता, खुंटीखालून रोज जाता, आणि ती भरलेली आहे की नाही हे तुम्हाला कुणी सांगत नाही. विचारा. रोज विचारा. आणि घरात कुणी फार खचलेलं असेल, कर्जानं, आजारानं, दारूनं, तर ती बंदूक काही दिवस घराबाहेर, परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवायला लावा. यात लाज धरू नका. मी वर्गात हे सांगते तेव्हा कुणीतरी मान खाली घालतं, आणि वर्ग सुटल्यावर तेच माणूस थांबतं.

ज्यांना प्रशिक्षक व्हायचंय त्यांनी नेमबाजीत पदक नसेल म्हणून मागे राहू नये. आवाज मोठा लागतो, धीर लागतो, आणि तेच वाक्य पन्नासाव्या वेळीही पहिल्यासारखं म्हणता यायला लागतं. कान सांभाळा, बंदुकीचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो, कानात इअरप्लग घातल्याशिवाय रेंजवर उभं राहू नका. आणि वर्षाला एक दिवस गावात फुकट वर्ग घ्या. मी खंडेनवमीला घेते. त्या दिवशी सगळ्यांच्या बंदुका पूजेसाठी खाली उतरतात, मग पाटावर ठेवण्याआधी प्रत्येकीत गज घालून बघायचा, आणि गजावर रिकाम्या नळीची खूण रंगानं करून ठेवायची. हळद-कुंकू नंतर.

आता हे पाइप. दोन्ही आमच्या मांगराच्या वळचणीला महिनाभर ठेवले होते. त्यातल्या एकात कुंभारमाशीनं मातीचं घर केलंय. नळीतही ती असंच घर करते, आणि तशा नळीतून बार काढला तर काय होईल ते मघाशी सांगितलं. बाहेरून दोन्ही सारखे दिसतात. आत डोकावायचं नाही. चहा होईपर्यंत एकेकानं या, गज घाला, आणि कुठला तो मला सांगा. आधी मुलांनी या, पुढच्या रांगेतल्या.