लग्नाच्या सिनेमात लग्नच नाही! ओझूचा ‘लेट स्प्रिंग’

नमस्कार मंडळी. जुना जपानी सिनेमा म्हटलं की आपण थेट कुरोसावा आणि सामुराईंकडे धावतो. आज तिकडे फिरकायचंच नाही. आज दिग्दर्शक यासुजिरो ओझू, आणि त्याचा १९४९ चा ‘लेट स्प्रिंग’. गोष्ट पूर्ण सांगणार आहे. कळली तरी इथे काही बिघडत नाही.

कामाकुरात विधुर प्रोफेसर सोमिया आणि त्यांची सत्तावीस वर्षांची लेक नोरिको राहतात. नोरिको म्हणजे सेत्सुको हारा. तिला बाबांना सोडून जायचं नाहीये. पण आत्या स्थळ आणते. मुलगा म्हणे हॉलिवूडचा हिरो गॅरी कूपरसारखा दिसतो, निदान तोंडापाशी तरी! नोरिको मैत्रिणीला सांगते, मला तर तो आमच्याकडे येणाऱ्या इलेक्ट्रिशियनसारखा वाटतो. मैत्रीण विचारते, तो इलेक्ट्रिशियन गॅरी कूपरसारखा दिसतो का? तर हो, अगदी तसाच!

एवढी चर्चा होऊनही हा जावई आपल्याला एकदाही दिसत नाही. लग्नही दिसत नाही. नवरीच्या पोशाखातली नोरिको बाबांचा निरोप घेते, आणि पुढच्या प्रसंगात बाबा तिच्या मैत्रिणीबरोबर बारमध्ये बसलेले. तिथे ते कबूल करतात की ‘मी पुन्हा लग्न करतोय’ ही थाप होती, मुलीनं हो म्हणावं म्हणून मारलेली.

का गाळलं असेल लग्न? विचार करा, नवरा मुलगा पडद्यावर आला असता तर आपण लगेच त्याला जोखायला लागलो असतो. शोभतो का हिला? सुखात ठेवेल का? आणि बाप बाजूला पडला असता. ओझूच्या जमिनीलगतच्या कॅमेऱ्याबद्दल सगळेच बोलतात, पण मला विचाराल तर त्याची खरी हुकूमत काय गाळायचं यात आहे.

तोही एकदा घसरणारच होता, बरं का. शेवटी बाबा रिकाम्या घरी येऊन सफरचंद सोलतात. इथे त्यांनी हंबरडा फोडावा, असं ओझूला हवं होतं. चिशू ऱ्यू या नटानं सांगितलं, मला हे जमणार नाही. ओझूनं ऐकलं. मान फक्त खाली झुकते. नटाचे उपकारच म्हणायचे!

आवडला तर पुढे १९६२ चा ‘ॲन ऑटम आफ्टरनून’ बघा, ओझूचा शेवटचा सिनेमा. पुन्हा ऱ्यूच बाप, पुन्हा मुलीचं लग्न. आणि तेरा वर्षांनंतरही जावयाला कॅमेऱ्यासमोर यायची परवानगी नाहीच.