जनरेटर कण्हतंय

(सांगलीत छोट्या रुग्णालयांच्या चालक-डॉक्टरांसमोर केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

मागच्या रांगेपर्यंत आवाज येतोय ना? बरं.

पत्रिकेत माझा विषय ‘वैद्यकीय व्यवस्थापनातील आपत्कालीन सज्जता आणि संघभावना’ असा छापलाय. मी फोनवर फक्त “जनरेटरवर बोलतो” एवढंच म्हटलं होतं. संयोजकांना ते हलकं वाटलं असावं. तरी छापलंय त्यावरही बोलेन, वेळ उरला तर.

इथल्या सगळ्यांनी २०१९च्या ऑगस्टमधला महापूर पाहिलाय. २००५च्या पुराची खूण भिंतीवर करून, तिच्या वर वीतभर जागा सोडून ज्यांनी जनरेटर बसवले होते, त्यांना कृष्णामाईनं आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर जाऊन काय उत्तर दिलं, हे मी सांगायला नको. पण माझी गोष्ट त्या पुराची नाही. साध्या पावसाची आहे. पुरात निदान कुणी दोष देत नाही हो. साध्या पावसात लाज जाते.

आमचं पंधरा खाटांचं प्रसूतिगृह. सौ. स्त्रीरोगतज्ज्ञ. मी भूलतज्ज्ञ, आणि उरलेल्या वेळात वायरमन, कारकून, वसुली अधिकारी. (हसताय काय, तुमच्याकडे वेगळं आहे का?) जुलैतली रात्र, दोनचा सुमार, सिझेरियन चालू. मी पाठीतून भूल दिलेली, म्हणजे पेशंट पूर्ण जागी. बाळ बाहेर काढायच्या क्षणाला लाइट गेली. इन्व्हर्टरवर ओटीचा, म्हणजे ऑपरेशन थिएटरचा दिवा आणि मॉनिटर तेवढा राहिला. रक्त-पाणी ओढून घेणारं सक्शन बंद, बाळाला ऊब देणारा वॉर्मर बंद. मी निवांत होतो. दहा सेकंदांत जनरेटर आपोआप सुरू होतो, त्याच्या पॅनलचे पैसे मोजलेत मी.

दहा सेकंद गेली, वीस गेली. खालून नुसतं टक्, टक्, टक्. पेशंट मला विचारते, “डॉक्टर, काय झालं?” मी म्हटलं, “काही नाही, रोजचंच आहे.” याच्याइतकं खोटं मी आयकर विवरणातही लिहिलेलं नाही.

सौ. ओरडली, “पायाचं सक्शन आणा!” म्हणजे विजेशिवाय पायानं दाबून चालवायचं. ते होतं. खरेदीची पावतीसुद्धा होती. पण ते होतं स्टोअरच्या माळ्यावर, गणपतीच्या मखरामागं, आणि स्टोअरची किल्ली मॅनेजरच्या स्कूटरच्या डिकीत. स्कूटर विश्रामबागेत, मॅनेजर झोपेत. शेवटी सिस्टरनं म्युकस सकरनं, म्हणजे साध्या ओढायच्या नळीनं, बाळाचं तोंड साफ केलं, मावशींनी टॉवेलनं खसाखसा पुसलं, आणि बाळानं जो टाहो फोडला, तो मला पुढं महिनाभर ऐकू येत होता.

जनरेटर सुरू केला कुणी? पेशंटच्या दिरानं. तो पिकअपवर ड्रायव्हर. त्यानं वॉचमनकडं पाना मागितला, स्वतःच्या गाडीची बॅटरी काढून जनरेटरला लावली आणि सेल्फ मारला. लाइट गेल्यापासून अकरा मिनिटं झाली होती. आम्ही त्यांचं बिल करत होतो आणि जनरेटर चालू होता त्यांच्या बॅटरीवर. पुढं बिलात किती सूट दिली ते विचारू नका, सौ. समोर बसल्यात.

सकाळी मी आवाज चढवून सगळ्यांना गोळा केलं. बॅटरी मेली हे कुणालाच कसं कळलं नाही? कोपऱ्यात पोछा धरून उभ्या मावशी म्हणाल्या, “आवो डाक्टर, कवापास्नं कण्हतंय त्ये. सोमवारी चालू करत्यात तवा पयल्या झटक्याला घेतच न्हाई. म्या सिस्टरला बोलले की.”

सिस्टरनं रिसेप्शनला सांगितलं होतं. रिसेप्शनच्या मुलीनं चिठ्ठी लिहून मॅनेजरच्या टेबलावर ठेवली होती. मॅनेजरनं ती वाचली होती. मग मला का नाही सांगितलं? मॅनेजर खाली बघत म्हणाला, “सर, गेल्या महिन्यात लिफ्टचा आवाज येतोय म्हणालो, तर तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, ते बघायला मी इथं बसलोय का?”

म्हणालो होतो. मला आठवतंसुद्धा. ओपीडीत वीस माणसं बसलेली, त्यांच्यासमोर म्हणालो होतो.

मंडळी, त्याच वेळी रिसेप्शनमागच्या भिंतीवर आपत्कालीन योजनेचा तक्ता होता. लॅमिनेट केलेला. कोड ब्लू म्हणजे हृदय बंद, कोड रेड म्हणजे आग, कोड पिंक म्हणजे बाळ पळवलं. फाइलमध्ये ‘जनरेटर सुस्थितीत’ असं लिहून खाली माझी सही. २००६च्या अग्निशमन कायद्याप्रमाणं जानेवारी आणि जुलैत द्यायचा, आगीची यंत्रणा ठीक असल्याचा बी फॉर्म वेळेवर दिलेला. मॉक ड्रिल झालेलं, त्याचे फोटो होते, ड्रिलनंतरच्या सामोशांचं बिल होतं. ड्रिल केलं सकाळी अकराला, सगळा स्टाफ हजर असताना. रात्री दोनला असतात एक सिस्टर, एक मावशी आणि एक वॉचमन. वॉचमनला त्या दिवशी सामोसे आणायला पाठवलं होतं.

कुठल्याही रुग्णालयाचं बिनसतंय हे सगळ्यांत आधी झाडू मारणाऱ्याला कळतं. ते आपल्यापर्यंत चढत येताना कुठल्या पायरीवर बसतं, तेवढंच शोधायचं. माझ्याकडं ते माझ्या तोंडापाशी बसलं होतं.

आता जरा वेगळं. त्या मावशींचं नाव काय? मला तेव्हा माहीत नव्हतं. आठ वर्षं त्या आमच्याकडं होत्या, पगाराच्या रजिस्टरवर मी दरमहा सही करत होतो. आपल्याकडं सगळे मावशी, मामा, सिस्टर, ब्रदर. कानाला गोड लागतं, पण ओटीत “मावशी, ते द्या” म्हटलं की दोन मावशी एकमेकींकडं बघतात आणि हलत कुणीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ साली शस्त्रक्रियेची तपासणी यादी आणली. तिच्यात चीर देण्याआधी ओटीतल्या प्रत्येकानं आपलं नाव आणि काम मोठ्यानं सांगायचं असतं. आमचे सर्जन मित्र याला हसतात. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांत ती यादी वापरून बघितली, तेव्हा मृत्यूचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं होतं. हसा खुशाल.

आणि मुंबईचं कामा हॉस्पिटल आठवा. २६ नोव्हेंबर २००८. अंजली कुलथे या परिचारिका रात्रपाळीला होत्या. अतिरेकी इमारतीत शिरलेत म्हटल्यावर त्यांनी वॉर्डचं दार लावलं, दिवे घालवले, वीस गरोदर बायकांना पॅन्ट्रीत नेलं. एकीला कळा सुरू झाल्या, तर तिला भिंतीच्या कडेकडेनं लेबर रूममध्ये पोचवलं. त्यांनी कुणाच्या परवानगीची वाट बघितली असती तर? तुमची रात्रपाळीची सिस्टर तुम्हाला फोन न लावता काय काय करू शकते? माझी तर सलाइन बदलायलाही फोन करायची, कारण मीच तशी सवय लावली होती.

चिठ्ठी आली. सात मिनिटं राहिली म्हणे. म्हणजे मूळ विषय आताच सुरू करावा लागणार.

भराभर सांगतो, लिहून घ्या. २०२१ हे एकच वर्ष बघा. ९ जानेवारीला भंडाऱ्यात नवजात कक्षाची आग, दहा बाळं गेली. २१ एप्रिलला नाशकात ऑक्सिजनच्या टाकीला गळती, त्याच दिवशी २२ रुग्ण गेले. त्यानंतर विरारच्या रुग्णालयात आग, त्यानंतर नगरच्या. त्या ठिकाणी कोण चुकलं हे सांगायला मी उभा नाही, पण आपल्या वॉर्डात ऑक्सिजनचा दाब उतरला तर पहिल्या मिनिटाला कोण कुठं धावणार, हे आज रात्रीच्या पाळीला विचारून बघा. आग लागली तर त्या भागाचा ऑक्सिजनचा कॉक कोण बंद करणार, आणि त्याआधी ऑक्सिजनवरच्या पेशंटला छोटा सिलिंडर कोण लावणार? सिलिंडरची चावी सिलिंडरलाच साखळीनं बांधा, ड्रॉवरमध्ये नको. आपत्कालीन ट्रेमधल्या अॅड्रेनलिनची तारीख आणि श्वासनळीत नळी घालताना लागणाऱ्या लॅरिंगोस्कोपचे सेल पाळी बदलताना बघायचे, ज्यानं बघितलं त्यानंच सही करायची. उचलून न्यायचे पेशंट चादरीसकट ओढता येतात, ते एकदा रात्री करून बघा, सामोसे न मागवता. किल्ल्या रात्रपाळीच्या सिस्टरकडं. तळघरातला जनरेटर वर घ्या, खर्च मला विचारा, मी रडलोय.

आणि संघभावना. सहल काढून ती येत नाही, आम्ही गणपतीपुळ्याला जाऊन आलो. मी एवढंच केलं की रोज सकाळी पाळी बदलताना दोन मिनिटं उभ्याउभ्या प्रत्येकाला विचारतो, “काय कण्हतंय?” शब्द मावशींचाच. पहिले पंधरा दिवस कुणी तोंड उघडलं नाही. सोळाव्या दिवशी वॉचमन म्हणाला, “साहेब, तुमची गाडी रोज अँब्युलन्सच्या आडवी असते.” सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी गाडी काढली. दुसऱ्या दिवशी चार तक्रारी आल्या.

घंटा वाजवू नका, थांबतो. प्रश्न जेवताना विचारा. फक्त ते मागचं दार, ज्याच्यावर ‘आपत्कालीन मार्ग’ लिहिलंय, त्याला टेकवून जेवणाच्या खुर्च्या रचल्यात. दोघांनी उठून तेवढ्या हलवा, मघापासून माझं लक्ष तिकडंच आहे.