एका तावावरचा बोका

हा कागद नीट बघा. एकच ताव, छपाई एकाच बाजूला. गिरणीवाल्याच्या गरीब पोराला राजाचा जावई करणाऱ्या, बूट घातलेल्या बोक्याची अख्खी गोष्ट या एका चित्रात मावली आहे. चित्रकार मोरित्स फॉन श्विंड. काळ 1850 च्या आसपासचा, गाव म्युनिक.

जर्मनीतल्या ग्रिम बंधूंनी ही गोष्ट असलेला लोककथांचा पहिला खंड 1812 मध्ये बर्लिनला छापला. प्रती 900. चित्र एकही नाही, मागे टिपांचा भार. लोकांच्या तोंडच्या कथा विरून जाण्याआधी टिपून ठेवायच्या, ही दोघांची तळमळ होती. पण टिपा वाचायला पोरं थोडीच बसतात? 1823 मध्ये लंडनला याच कथा जॉर्ज क्रुकशँकच्या चित्रांसह निघाल्या आणि लोकांनी त्या उचलून धरल्या. दोनच वर्षांनी ग्रिमांनीही निवडक 50 कथांचं छोटं पुस्तक काढलं. त्यातली सात चित्रं त्यांच्या धाकट्या भावाची, लुडविग एमिलची. घराघरांत पोचलं ते हे पुस्तक.

ज्यांना तेही परवडत नव्हतं, त्यांच्यासाठी सुटे ताव होते. बर्लिनच्या वायव्येला नॉयरुपिन नावाचं गाव आहे. तिथं गुस्टाव क्यूनच्या छापखान्यात शिळाछाप चाले. दगडावर चिकट, तेलकट शाईनं चित्र काढायचं, दगड ओला करायचा आणि वरून शाईचा रूळ फिरवायचा. ओला दगड शाई घेत नाही, रेघा घेतात. (1894 मध्ये राजा रविवर्म्यानं मुंबईत काढलेला छापखानाही याच तंत्राचा, आणि यंत्रं जर्मनीचीच.) रंग मात्र नॉयरुपिनला हातानं भरत. नक्षी कापलेला पुठ्ठा तावावर ठेवायचा, वरून कुंचला ओढायचा. या कामाला बायका आणि लहान मुलंही असत. गोष्टी ज्यांच्यासाठी छापल्या जात, त्याच वयाची मुलं. हे मला विसरता येत नाही.

आता पुन्हा बोक्याकडे. ग्रिमांनी ही कथा 1819 च्या आवृत्तीतून गाळली, कारण ती फ्रेंच कथेच्या फार जवळची वाटली. अभ्यासकांच्या हिशेबानं ते बरोबरच होतं. पण पुस्तकातून गेलेला बोका तीस वर्षांनी या तावावर परतला, आणि अक्षरओळख नसलेल्या पोरालाही तो बोटानं दाखवता येत होता.

असे ताव भिंतीला चिकटत, कात्रीनं कापले जात, फाटत. जे वाचले, त्यांतले पुष्कळ आज नॉयरुपिनच्या संग्रहालयात आहेत. जवळ जाऊन पाहा: कुठं कुठं लाल रंग रेघेबाहेर गेला आहे.