बादलीतली अडीच फुटी लाट

पत्रिकेत विषय छापलाय 'पाण्याच्या लाटेची उंची कशी काढतात', आणि नाशिकला समुद्र नाही याची आठवण मला घरातून निघतानाच करून देण्यात आली. नाही तर नाही. गंगापूर धरण आहे ना? मातीचं धरण, लाट वरून गेली की माती धुपणार, म्हणून आतल्या अंगाला दगडांचं पिचिंग आणि पाण्याच्या वर मोकळी उंची, ज्याला आम्ही फ्रीबोर्ड म्हणतो. आणि हो, पूर आला की आपण विचारतो ना, गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं, ती पाण्याची पातळी झाली. लाटेची उंची म्हणजे माथ्यापासून खळग्यापर्यंत. स्थिर पाण्यापासून मोजलीत तर निम्मीच भरेल, आणि ही चूक शिकलेली माणसं पण करतात.

आता निफाडची गोष्ट सांगतो, काहींनी ऐकली असेल, त्यांनी मोबाईल बघावा. माझ्या आतेभावाने द्राक्षबागेसाठी शेततळं केलं, 34 बाय 34 मीटर, खाली प्लास्टिकचा कागद टाकलेला. मला म्हणाला, दादा तू इंजिनिअर, पाणी कुठपर्यंत भरू सांग. मी नोकरीत नवा, डोक्यात लाटेच्या उंचीचा स्टीव्हन्सनचा फॉर्म्युला ताजा. हा थॉमस स्टीव्हन्सन एकोणिसाव्या शतकातला स्कॉटलंडचा दीपगृहं बांधणारा माणूस, याने खरोखरच्या लाटा बघून नियम बसवला, पुढे मोलिटरने त्यात वारा घातला. वारा ताशी किलोमीटरमध्ये, फेच म्हणजे वाऱ्याला पाण्यावरून मिळणारी मोकळी धाव किलोमीटरमध्ये, दोघांच्या गुणाकाराचं वर्गमूळ गुणिले 0.032, त्यात 0.763 मिळवा आणि फेचचं चौथं मूळ गुणिले 0.271 वजा करा. मी वारा 80 धरला, लाट आली 70 सेंटिमीटर. तिची दीडपट फ्रीबोर्ड, थेट 1.05 मीटर. ऐटीत सांगितलं, एवढं रिकामं ठेव.

त्याने ठेवलं. मार्चमध्ये टँकर सुरू झाले तेव्हा फोन आला, दादा, मी अर्धा मीटरच सोडणार होतो, तुझं ऐकून माझं पंचावन्न टँकर पाणी कमी भरलं! दहा हजारी टँकर. मी गुणाकार करून बघितला, साडेपाच लाख लिटर, बरोबर होतं, माणूस शेतकरी असला तरी हिशोबाला पक्का, म्हणजे असल्यामुळेच. आत्या तर वर्षभर माझ्याशी धड बोलली नाही.

मग एकदा अवकाळीच्या आधी वारा सुटला तेव्हा मी मुद्दाम गेलो. मांडवाचा एक बांबू, त्यावर ऑइल पेंटच्या रेघा, तो तळ्यात रोवला आणि बांधावर बसलो, तोंडात धूळ. लाट चार बोटांच्या वर जाईना! घरी येऊन त्या फॉर्म्युल्यात वारा शून्य, फेच शून्य टाकला. उत्तर 0.763 मीटर, म्हणजे अडीच फूट. वारा नाही, पाणी नाही, लाट अडीच फुटी! बायको म्हणाली, आपली बादलीच तेवढी उंच नाही.

तर माझा मुद्दा एवढाच, की असला फॉर्म्युला न्यूटनच्या नियमातून पडत नाही, तो कुठेतरी मोजलेला असतो, आणि कुठे मोजला ते आधी विचारायचं. तो अडीच फूट मोठ्या पाण्यावरच्या मापांना रेघ जुळावी म्हणून आलाय, 34 मीटरच्या डबक्यासाठी नाही.

चिठ्ठी आली, सात मिनिटं उरली. अरे, मूळ विषय तर आता सुरू होतोय. पटापट. 1968-69 मध्ये उत्तर समुद्रात जॉनस्वॉप नावाची मोठी मोजणी झाली, त्यातून ढोबळ हिशोब असा: 0.0005 गुणिले वारा, मीटर प्रति सेकंदात, गुणिले फेचचं वर्गमूळ, मीटरमध्ये. ताशी 80 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 22 मीटर धरा. शेततळ्याला साडेसहा सेंटिमीटरच्या आसपास. माझ्या उत्तराचा दहावा हिस्सा! पण फेच 4 किलोमीटर घ्या, धरणासारखा, तर हा 70 सेंटिमीटर देतो आणि स्टीव्हन्सन 95. तिथे म्हातारा फार चुकत नाही.

ही जी उंची येते ती सिग्निफिकंट, म्हणजे सगळ्या लाटा उंचीने लावून वरच्या एक तृतीयांशांची सरासरी. हजार लाटांत एखादी तिच्या पावणेदोन पटीहून मोठी निघते, म्हणून फ्रीबोर्ड सरासरीवर ठरवत नाहीत, शिवाय लाट उतारावर चढते ते वेगळं. लाटेला मर्यादा पण आहे, खोल पाण्यात उंची लांबीच्या सातव्या भागापुढे गेली की फुटते, उथळात खोलीच्या साधारण 0.78 पटीला. आणि ऊर्जा उंचीच्या वर्गाने वाढते, लाट दुप्पट तर मार चौपट, पिचिंगचे दगड उगाच एवढे मोठे नसतात.

दुसरी चिठ्ठी. बरं, थांबतो. प्रश्न चहाच्या टेबलापाशी विचारा, फक्त निफाडच्या मंडळींनी टँकरचा विषय काढू नये.