शायाची वाट

[सकाळ. कपाशीच्या शेतांमधला कच्चा रस्ता. सायकलची घंटी.]

"कथा चालनी वं माय?"
"शायामा."

खानदेशात सकाळच्या वेळी कुठल्याही शिवारातून जा, हा सवाल-जवाब कानावर पडतोच: "कुठे चाललीस गं?" "शाळेत." घरी अहिराणी, वर्गात पुस्तकातली मराठी आणि दोन्हींच्या मधे हा रस्ता. कुणाचा दोन किलोमीटरचा, कुणाचा दहाचा. आमच्याकडच्या हायस्कुलांची गोष्ट मला या रस्त्यापासूनच सांगावीशी वाटते.

[अमळनेर. बोरी नदीचं पात्र, मग शहर.]

शंभर वर्षांपूर्वी ही वाट फार लांबची होती. गावातल्या शाळेचे चार वर्ग संपले की पुढे शिकायला मोठं गाव गाठायचं आणि तिथंच राहायचं. सुरत-भुसावळ रेल्वेवरचं अमळनेर हे असं एक गाव. श्रीमंत प्रतापशेठांची कापडगिरणी इथली, त्यांनी १९१६ साली उभं केलेलं तत्त्वज्ञान मंदिर इथलं आणि त्यांचं नाव लावणारं प्रताप हायस्कूलही इथलंच. तत्त्वज्ञान शिकायला म्हणून कोकणातल्या पालगडचा एक तरुण अमळनेरात आला आणि १९२४ मध्ये या हायस्कुलात शिक्षक झाला. पांडुरंग सदाशिव साने. आपले साने गुरुजी.

शाळेचं छात्रालय त्यांच्याकडे आलं. आईपासून दूर आलेल्या खेड्यातल्या पोरांचं तिथं काय होत असेल, याचा विचार करा. गुरुजी त्यांच्या खोल्या झाडायचे, पसारा आवरायचे, मळलेले कपडे धुवायचे. कुणी आजारी पडलं तर उशाशी बसायचे. रागवायचे कमी, आपली खोली गुरुजींनी झाडलेली पाहून पोरगं स्वतःच हातात झाडू घ्यायचं.

आणि ते लिहायचे. 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक ते मुलांसाठी काढत. एकटाकी, रोज. पुढे १९२८ मध्ये 'विद्यार्थी' हे मासिक सुरू केलं. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत, तेव्हा ती अठरा प्रवचनं टिपून घेतली ती गुरुजींनीच. बोलणाऱ्याच्या वेगानं धावणारा हा हात अमळनेरच्या छात्रालयात रोज लिहून तयार झाला होता, असं मला नेहमी वाटतं.

[एका खेड्यातलं हायस्कूल. पटांगणात कडुनिंब.]

स्वातंत्र्यानंतर हायस्कुलं हळूहळू खेड्यांत आली. कुठे चावडीत वर्ग भरले, कुठे देवळाच्या ओट्यावर. मग गावानं वर्गणी काढली आणि एकेक खोली वाढत गेली. तेव्हा अकरावीला मॅट्रिक होतं. १९७५ पासून दहावीची परीक्षा आली. आज जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांचे पेपर नाशिक विभागीय मंडळाकडे जातात.

या खोलीत वर बघा. पंख्याच्या तिन्ही पात्यांवर लाल रंगात नाव रंगवलंय. कुणीतरी वडिलांच्या स्मरणार्थ दिलेला पंखा. पंखा फिरायला लागला की नाव दिसेनासं होतं, वारा मात्र लागतो. मार्चमध्ये, दहावीच्या पेपराच्या वेळी खानदेशातलं ऊन काय असतं ते इथं बसलेल्यालाच कळतं.

प्रयोगशाळा आहे, वाचनालय आहे, संगणकाची खोली आहे. त्यांची छायाचित्रं माहितीपत्रकात असतातच. मी मात्र प्रत्येक शाळेत आधी मुलींचं स्वच्छतागृह बघते. दार लागतं का, नळाला पाणी आहे का. ते नसेल तर मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत, आणि मग हळूहळू शाळेतही येत नाहीत. इथं दार लागतं. नळाला पाणी आहे.

[सायकल स्टँड. पावसाळा.]

राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळाल्या. काळ्या मातीचा गारा चाकात गच्च बसतो आणि सायकल जागेवर अडते. ही मुलगी खाली बसलीय. कुंपणातली पऱ्हाटीची काडी मोडून मडगार्डातला गारा उकरतेय. दप्तर पाठीवरच. हात पावसाच्या पाण्यात धुतले आणि निघाली.

लांबच्या मुलींसाठी निळी एसटी आहे, खास त्यांच्यासाठी. पास फुकट. ही बस आल्यापासून "दहावीनंतर पुरे आता" म्हणणाऱ्या घरांमधूनही मुली अकरावीला जाताना मी पाहिल्या आहेत. ज्या पाड्यांपर्यंत ती पोचत नाही, तिथल्या मुली अजून चालतात. तिथंही गाडी गेली पाहिजे.

[संध्याकाळ. फाटा. निळी बस उभी.]

शाळा सुटलीय. बस भरलीय, तरी ड्रायव्हरकाका गाडी काढत नाहीत. एक मुलगी कमी आहे. खिडकीतून मैत्रिणी हाका मारताहेत. फाट्याकडून ती धावत येतेय, ओढणी सांभाळत, हातात प्रयोगवही.

कंडक्टरताई दार धरून उभ्या आहेत.