बुबुळाच्या कडेचं तांबं

[वहीची पानं]
हे नववीतलं अक्षर. टपोरं, रेषेला धरून. आणि हे बारावीतलं, त्याच हाताचं. बारीक होत गेलेलं, एकमेकांत घुसलेलं. मधल्या काळात मुलगा चिडका झाला, उगाच हसायला लागला, मग संशय घ्यायला लागला. देवऋषी झाले, मग मानसोपचाराच्या गोळ्या. गुण येईना म्हणून डोस वाढला. हात थरथरायला लागले, तेव्हा खापर गोळ्यांवर फुटलं. तसं होतंही, म्हणून तर कुणी पुढे पाहिलं नाही.

[स्लिट लॅम्प : डोळे तपासायचं यंत्र, अंधारी खोली]
हनुवटी इथे टेकवायची, कपाळ पट्टीला. उजेडाची उभी फट बुबुळावरून हळूहळू सरकते. थांबा. वरच्या कडेला पाहा, सोनेरी-तपकिरी कड. कायझर-फ्लायशर रिंग. हे साठलेलं तांबं आहे. घाऱ्या-निळ्या डोळ्यांत ती कधी नुसत्या नजरेलाही दिसते. आपल्याकडच्या काळ्याभोर डोळ्यांत बेमालूम लपते. तपासणीला लागतात जेमतेम पाच मिनिटं, आणि ती या मुलाच्या जाडजूड फाईलमध्ये कुठेच नव्हती.

[ॲनिमेशन : यकृत]
अन्नातलं जास्तीचं तांबं यकृत पित्तावाटे बाहेर टाकतं. एटीपी७बी हे जनुक आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेलं आलं, तर हे काम अडतं. तांबं आधी यकृतात साठतं, मग रक्तातून मेंदूत आणि डोळ्यांत उतरतं. हा विल्सनचा आजार. लंडनच्या डॉ. किनियर विल्सन यांनी १९१२ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं, त्यात मानसिक लक्षणंही होती. तांब्याच्या भांड्यातल्या पाण्यानं हा आजार होत नाही. मात्र झाल्यावर ते भांडं बंद करायला सांगतात.

[लघवीचा कॅन, रक्ताच्या नळ्या]
२४ तासांची लघवी या कॅनमध्ये जमवायची, त्यातलं तांबं मोजायचं. रक्तात सेरुलोप्लाझ्मिन, म्हणजे तांबं वाहून नेणारं प्रथिन, किती आहे ते पाहायचं.

[औषधाचा डबा]
साठलेलं तांबं लघवीवाटे बाहेर काढणारं पेनिसिलामिन १९५६ पासून वापरात आहे, शिवाय अन्नातलं तांबं शोषू न देणारं झिंक. औषध जन्मभर घ्यायचं. उशीर झाला तर यकृत निकामी होतं, जीवही जातो.

[रक्त देणारी मुलगी]
सख्ख्या भावंडांत हा आजार असण्याची शक्यता चारात एक. धाकटी बहीण ठणठणीत आहे, तरी तिचंही रक्त आज तपासणीला गेलं. डोळे उद्या तपासणार आहेत.